वणव्याचें भाकीत

मराठवाड्यांत वणवा म्हटला म्हणजे किनवट-माहूरचें रान डोळ्यांपुढें येतें. लातूर जिल्ह्यांत वन नांवालाच आहे. तेथें आग लागलीच तर ती बांधावरील गवताला, नाहीं तर कडब्याच्या गंजीला. परंतु नांदेडच्या उत्तरेस, पैनगंगेच्या आसपास, सागाचें पानझडी रान आहे, आणि फाल्गुन लागतांच त्याच्या तळाशीं पाचोळ्याचा थर साचतो. हा थर कोणत्या दिवशीं चटकन् पेट घेईल, हें आधीं सांगतां येतें काय?

बऱ्याच अंशीं येतें. मात्र त्याकरितां हवेची तहान मोजावी लागते. नुसता उष्मामापक पाहून भागत नाहीं. वर्तमानपत्रांतील आर्द्रतेच्या टक्केवारीवरही विसंबूं नये, कारण ती पुष्कळदां चकविते. ३० अंश सेल्सिअसला हवेंतील बाष्पाचा दाब फार तर ४२ मिलिबार होऊं शकतो. ४२ अंशांस तीच मर्यादा सुमारें ८२ वर जाते. आतां दोन्ही दिवशीं आर्द्रता २० टक्केच आहे असें धरूं. पहिल्या दिवशीं बाष्प ८ मिलिबार, म्हणजे तूट ३४ ची. दुसऱ्या दिवशीं बाष्प १६, आणि तूट ६६ ची. टक्केवारी तीच, बाष्प तर दुप्पट. तरी हवेची तहानही जवळजवळ दुप्पट! ही तहान हवा पाचोळ्यावर भागविते. वाळलेलें गवत व सुटीं पानें तासा-दोन तासांत हवेशीं जुळवून घेतात, जाड ओंडक्याला आठवडेच्या आठवडे लागतात. म्हणूनच अवकाळी सरीनें भिजलेला वरचा पाचोळा दुसऱ्या दुपारींही पेटण्याजोगा होऊं शकतो.

राहिला वारा. तो आगीला प्राणवायु पुरवितो, आणि ज्वाळा पुढें वाकवून तेथील पाचोळा आधींच तापवितो. अमेरिकेंतील वनखात्याच्या शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं एक सुटसुटीत रीत मांडली: बाष्पाच्या तुटीला वाऱ्याच्या वेगानें गुणावें. तूट ३४ व वारा सेकंदास ३ मीटर असेल तर अंक १०२ येतो. तूट ६६ व वारा ६ मीटर झाला कीं ३९६, म्हणजे जवळजवळ चौपट. हीं मापें जमिनीलगतचीं न घेतां ५०० मीटर उंचीपर्यंतच्या हवेंतील कमाल घेतात, कारण मोठी आग वरची हवा खालीं ओढून घेते. या रीतींत पावसाचा हिशेब नाहीं, हें तिचें उणें. कॅनडाची जुनी पद्धति रोज दुपारच्या नोंदींवरून जमिनीवरील तीन थरांच्या ओलाव्याची वही ठेवते. ती अधिक कष्टाची, पण अधिक भरंवशाची म्हणावी लागेल.

ठिणगी कोठें पडेल तें मात्र कोणतेंच गणित सांगत नाहीं. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातचे असतात. मोहाचीं फुलें वेंचतांना तीं दिसावींत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात, आणि दुपारचा वारा तो विस्तव रानांत नेतो. १९२७ च्या वन कायद्यानें राखीव वनांत आग लावणें गुन्हा ठरविलें आहे. पण ज्याची चैत्रांतली मिळकत त्या फुलांवर आहे त्याला कलम वाचून दाखविण्यांत काय हांशील? देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहानें टिपलेल्या आगींची वर्दी भ्रमणध्वनीवर धाडते. ती आग लागल्यानंतरची. आदल्या दिवशींचा अंदाज पाड्यावर पोंचला, तर त्या दिवसापुरता विस्तव टाळतां येतो, आणि वनरक्षकही दुपारपूर्वीं जाळरेषेवर हजर राहूं शकतो. फुलांपुरतें म्हणाल तर झाडाखालीं जाळी किंवा जुनें लुगडें अंथरलें तरी तीं स्वच्छ मिळतात.