आधी खांदा, मग मणी

जाकीट टेबलावर ठेवलं तेव्हा आवाज आला तो काचेचा. हातात घेतलं की त्याचं वजन दरवेळी नव्यानं जाणवतं.

मिलानमध्ये नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथं ते मला सापडलं. जॉर्जिओ अरमानींचं, 1990च्या दशकातलं. करडं रेशीम, आणि त्यावर कॉलरपासून कमरेपर्यंत काचेचे नळीमणी. आपल्याकडचे कारागीर ज्याला कटदाणा म्हणतात, ते. दोन वर्षं मी ते हँगरला लावून ठेवलं. एका संध्याकाळी घालायला काढलं, तर उजव्या खांद्यावरून मणी टपटप फरशीवर पडले. होते तेवढे वाटीत गोळा केले आणि जुने कपडे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे गेले.

त्यांनी मण्यांकडे पाहिलंच नाही. जाकीट उलटं केलं, अस्तराची शिवण खालून वीतभर उसवली आणि आत दिवा धरला. आतून सगळं भरतकाम साखळी टाक्याचं दिसत होतं. म्हणजे आकड्याच्या सुईनं केलेलं. फ्रान्समधल्या लुनेव्हिल गावाच्या नावानं ती सुई युरोपात ओळखली जाते. मुंबईच्या कारखान्यांत तिचीच बहीण आरी. हे काम भराभर होतं, पण त्यातली मेख अशी की शेवटचा फास सुटला की दोरा ओढाल तशी अख्खी ओळ उसवत जाते. बाईंनी सुटलेला फास बारीक सुईनं अलगद पकडला, गाठ मारली, मगच श्वास सोडला. मीही.

मग खांदा. अरमानींनी 1975 साली स्वतःची कंपनी काढली आणि नाव कमावलं ते जाकिटाच्या आतला कडकपणा काढून टाकून. जाकीट अंगावर सैल, सहज पडावं म्हणून. या जाकिटातही आत फक्त पातळ अस्तर आहे. त्यामुळे हँगरवर असताना सगळ्या काचेचा भार खांद्याच्या चार बोटं रेशमानं पेलला होता. तिथले उभे धागे विरले होते. बाईंनी क्रेपलीन, म्हणजे जवळजवळ पारदर्शक असं विरळ रेशमी कापड, करड्या रंगात रंगवून घेतलं आणि विरल्या जागेखाली लावलं. टाके इतके सैल की मला वाटलं, हे टिकणार कसं? घट्ट टाका जुनं रेशीम कापतो, त्या म्हणाल्या.

मणी सर्वांत शेवटी. जुनं कापड चौकटीवर ताणता येत नाही, म्हणून आकडा नाही. साधी सुई, दोन मणी, एक उलटा टाका. वाटीतला प्रत्येक मणी त्यांनी आधी नखावर फिरवून पाहिला. टोक टवकलेला नळीमणी दोऱ्याला पातीसारखा कापतो. तसे सात निघाले, बाजूला गेले. तळव्याएवढी जागा भरायला दुपार गेली.

मिलानमधल्याच अरमानी सिलोसमध्ये, धान्याच्या जुन्या गोदामात 2015 साली उघडलेल्या त्या संग्रहालयात, मी पूर्वी अशी जाकिटं डोळे भरून पाहिली होती. तेव्हा नजर फक्त चमकीवर होती.

जाकीट आता आडव्या खोक्यात असतं, बाह्यांत मऊ कागदाच्या गुंडाळ्या. ते सात मणी बाईंनी मलमलीच्या चिमुकल्या पिशवीत घालून अस्तराला आतून टाचून दिलेत, पुढं कुणाला रंग जुळवायचा झाला तर.