शस्त्रखरेदीचे अर्थकारण – लेखांक ६ : मित्रनौदलाला विकलेल्या युद्धप्रणालीचा खर्च

युद्धनौकेवरील रडार, संगणक आणि क्षेपणास्त्रे यांना एकत्र जोडून लक्ष्य हेरण्यापासून ते पाडण्यापर्यंतची सारी क्रिया चालवणाऱ्या यंत्रणेला युद्धप्रणाली म्हणतात. अशा प्रणालींपैकी अमेरिकेची ‘एजिस’ ही १९८३ साली ‘टिकॉन्डेरोगा’ या क्रूझरबरोबर सेवेत आली आणि पुढे जपान, स्पेन, नॉर्वे, दक्षिण कोरिया व ऑस्ट्रेलिया यांच्या नौदलांनीही ती घेतली. अशी विक्री ज्या ‘फॉरेन मिलिटरी सेल्स’ पद्धतीने होते, तीत खरेदीदार देश कारखानदाराशी नव्हे, तर अमेरिकी सरकारशी करार करतो. ते सरकार ना नफा ना तोटा या तत्त्वावर माल मिळवून देते आणि व्यवस्थापनापोटी शुल्क आकारते, जे २०१८ पासून ३.२ टक्के झाले. त्या सरकारच्या प्रस्तावपत्रातील रक्कम ही मात्र ठरलेली किंमत नसून अंदाज असतो आणि प्रत्यक्ष खर्च वाढल्यास तो खरेदीदारानेच भरावयाचा असतो. त्यामुळे अंदाज चुकल्याची शिक्षा तो मांडणाऱ्याला नव्हे, तर त्यावर विसंबणाऱ्या देशाच्या तिजोरीला होते.

या अंदाजात दोन प्रकारचे खर्च वेगळे करावे लागतात. प्रत्येक संचामागे पुन्हापुन्हा होणारा तो आवर्ती खर्च, आणि आराखडा, आज्ञावली, चाचण्या व नव्या नौकेशी जुळवणी यांवर एकदाच होणारा तो अनावर्ती खर्च. टी. पी. राइट यांनी १९३६ साली विमाननिर्मितीविषयी दाखवून दिले, की एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रतिनग खर्च ठरावीक प्रमाणात उतरतो. या संबंधाला ‘शिकण्याची वक्ररेषा’ म्हणतात. परंतु ही घट आवर्ती खर्चापुरतीच असते आणि तिचा लाभ चालू उत्पादनाशी मिळताजुळता संच मागणाऱ्यालाच होतो. अनावर्ती खर्च केवळ वाटला जातो, आणि तो कितीजणांत वाटायचा यावर सारे अवलंबून असते. नॉर्वेने आपल्या लहान फ्रिगेटांसाठी ‘एसपीवाय-१एफ’ हे आकाराने लहान रडार घेतले; ते दुसऱ्या कोणत्याही नौदलाने न घेतल्यामुळे त्या वेगळेपणाचा भाजक पाच नौकांवरच थांबला. प्रस्तुत विषयात संचाच्या किमतीपेक्षा हा भाजक अधिक बारकाईने तपासला पाहिजे, आणि नेमका तोच बातम्यांतील एकरकमी आकड्यांत दिसत नाही.

अंदाजाची सीमा कुठे आखली आहे, हा तितकाच कळीचा प्रश्न होय. जपानने एजिसची जमिनीवर उभारावयाची आवृत्ती दोन ठिकाणी बसवण्याचे २०१७ साली ठरवले, तेव्हा एका संचाचा खर्च सुमारे ८० अब्ज येन सांगितला जात होता; जुलै २०१८ मध्ये तो सुमारे १३४ अब्ज येनवर गेला. दोन्ही संचांची खरेदी, प्रशिक्षण आणि ३० वर्षांची देखभाल मिळून बेरीज ४६६.४ अब्ज येन झाली. या बेरजेत देखभालीचाच वाटा १९५.४ अब्ज येनांचा, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक होता, हे लक्षात घेतले की केवळ खरेदीची रक्कम पाहणे किती अपुरे आहे ते स्पष्ट होते. शिवाय क्षेपणास्त्रे आणि जागेवरील बांधकाम या बेरजेच्या बाहेरच होते. आकडा खोटा नव्हता. तो कशाचा आहे, हे मात्र प्रत्येक वेळी विचारावे लागत होते.

क्षेपणास्त्राचा बूस्टर, म्हणजे उड्डाणानंतर गळून पडणारा पहिला टप्पा, लष्करी सरावक्षेत्राच्या हद्दीतच पडेल याची हमी आज्ञावलीतील दुरुस्तीने देता येत नव्हती आणि क्षेपणास्त्रातच बदल करावयाचा तर मोठा खर्च व दीर्घ काळ लागला असता, म्हणून जून २०२० मध्ये ही योजना थांबवण्यात आली. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या जागी एजिस बसवलेल्या दोन नौका बांधण्याचे ठरले आणि जमिनीसाठी निवडलेले ‘एसपीवाय-७’ रडारच त्यांच्यासाठी कायम ठेवण्यात आले. त्याबरोबर नौकेचा सांगाडा, इंजिने, इंधन, खलाशी आणि नियमित गोदी-दुरुस्ती असे जमिनीवरील हिशेबात नसलेले खर्च नव्याने मांडावे लागले, तर समुद्रावरील हेलकावे आणि क्षारयुक्त हवा यांना तोंड देण्यासाठी त्या रडारची याच नौकांशी करावयाची जुळवणी हा आणखी एक अनावर्ती खर्च ठरला, ज्याचा भाजक अवघा दोन आहे.