चौकशी झाली, खटला राहिला

इगतपुरी हे रेल्वेचं गाव. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात कामगारांवर मिसा, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा, वापरला गेला. वर्षभरानं आणीबाणी आली आणि इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या नाशिकरोड कारागृहात मिसाखाली पकडलेले राजकीय कैदी आले. त्यांच्या अटकेचा जाब पुढे कुणी कुणाला विचारला, हे समजून घ्यायचं असेल तर सांतियागो मित्रे यांचा ‘अर्जेंटिना, १९८५’ हा चित्रपट आधी पाहावा. सत्ता गेल्यावर न्याय कोणत्या पायऱ्यांनी येतो, ते त्यात नीट दिसतं.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. ती गेल्यावर राष्ट्राध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांनी आधी आयोग नेमला. लेखक एर्नेस्तो साबातो त्याचे अध्यक्ष. आयोगानं ८,९६१ बेपत्ता माणसांची नोंद केली, पण शिक्षा देणं त्याच्या हातात नव्हतं. खटल्याचं काम आधी लष्करी न्यायमंडळाकडे गेलं आणि तिथे ते रेंगाळलं. मग ते नागरी न्यायालयानं आपल्याकडे घेतलं.

खरी मेहनत इथून पुढे आहे. सेनाप्रमुखांनी स्वतः कुणाला मारल्याचा पुरावा नव्हता. म्हणून सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा आणि त्यांचे तरुण सहकारी लुइस मोरेनो ओकाम्पो यांनी हजारोंतून ७०९ प्रकरणं निवडली. वेगवेगळ्या गावांत उचलून नेण्याची, छळाची, बेपत्ता करण्याची पद्धत एकच असेल, तर मागे वरून आलेली योजना आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. आरोप मात्र नेहमीच्या दंडसंहितेतलेच होते : खून, बेकायदा डांबणं, छळ. आयोगाच्या कागदावर न विसंबता साक्षीदार पुन्हा उघड न्यायालयात बोलावले गेले. आठशेहून अधिक लोक बोलले. डिसेंबर १९८५ मध्ये नऊ सेनाप्रमुखांपैकी पाच जणांना शिक्षा झाली, चौघे सुटले. त्यांपैकी विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. सगळे सुटलेही नाहीत आणि सगळे अडकलेही नाहीत, म्हणूनच हा निकाल मला विश्वासार्ह वाटतो.

आपल्याकडे पहिली पायरी झाली. अर्जेंटिनातली हजारो माणसं बेपत्ता झाली आणि आपल्याकडे निवडणुकीनं सत्ता बदलली, हा फरक मोठा आहे, तो विसरून चालणार नाही. मे १९७७ मध्ये न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. मिसा आणि भारत संरक्षण कायद्याखाली मिळून १,१०,८०६ जणांना अटक झाल्याची त्यानं नोंद केली. इंदिरा गांधी आयोगापुढे आल्या, पण शपथेवर साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला.

अडचण १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यातच आहे. आयोगापुढे केलेलं निवेदन ते करणाऱ्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीचा. अहवालही सरकारवर बंधनकारक नसतो. म्हणजे गुन्हा नोंदवणं, तपास, दोषारोपपत्र, उलटतपासणी सगळं पहिल्यापासून. त्यासाठी विशेष न्यायालयांचा कायदा व्हायला १९७९ उजाडलं. त्याच जुलैत जनता सरकार कोसळलं, जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी निवडून आल्या, आणि ते खटले तिथेच संपले.

निकालापर्यंत पोचलेला गाजलेला खटला एका चित्रपटाचाच होता. अमृत नाहाटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रती नष्ट केल्याबद्दल संजय गांधी आणि आणीबाणीतले माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल यांना १९७९ मध्ये शिक्षा झाली, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. शिक्षेआधी, १९७८ मध्ये खटला चालू असताना, साक्षीदार फितवल्याच्या आरोपावरून संजय गांधींचा जामीन काही काळ रद्द झाला होता. तो आदेश देणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनीच १९७६ च्या निकालात आणीबाणीतल्या स्थानबद्धांना न्यायालयाचं दार बंद करणाऱ्या बहुमताला साथ दिली होती. तो निकाल २०१७ मध्ये रद्द झाला. तो चुकीचा असल्याचं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड त्यांचेच पुत्र.

अर्जेंटिनातही पुढे माफी दिली गेली. पण निकालाची नोंद टिकली, खटले पुन्हा उघडले आणि विदेला २०१३ मध्ये तुरुंगातच वारले. आपल्याकडे असा निकालच नाही. त्यामुळे महाराष्ट्रात आणीबाणीतल्या कैद्यांचं मानधन २०१८ मध्ये सुरू झालं, सरकार बदलल्यावर २०२० मध्ये बंद झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं तेव्हा परत सुरू झालं.