मेन्यू आहे, पण दिसतोय कुणाला?

रिमोटवरचं ‘मेन्यू’ बटण दाबलं की नव्या टीव्हीवर यादी उघडते आणि जुन्या डबा टीव्हीवर कोडं. आजी म्हणते चष्म्याचा नंबर वाढला, नातू म्हणतो टीव्ही भंगारात काढा, केबलवाला म्हणतो बॉक्स बदला. तिघंही उगाच भांडतात. बहुतेक वेळा डोळे ठीक असतात आणि टीव्हीही ठीक असतो. गडबड असते मेन्यू आखणाऱ्याची. त्यानं तो स्वतःच्या टेबलावरच्या लखलखीत मॉनिटरवर आखलेला असतो. नाशिकच्या सिडकोतल्या हॉलमधला २१ इंची डबा त्याच्या स्वप्नातही नसतो. तर घ्या, टीव्हीच्या पडद्यावरच्या अक्षरांच्या काही गमती!

नाशिकच्या डब्यावर बॉक्स चढला

केबल डिजिटल करण्याची सक्ती आधी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईला झाली. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती. त्यातली नऊ महाराष्ट्रातली, आणि नऊमध्ये आपलं नाशिक. मुदत होती ३१ मार्च २०१३. तोवर केबलची वायर थेट टीव्हीच्या पाठीत खोचलेली असायची आणि चॅनल म्हणजे रिमोटवरचा एक आकडा. बॉक्स आला आणि त्याच्यासोबत मेन्यू, गाइड, ‘ओके’, ‘एक्झिट’ असं सगळं बिऱ्हाड आलं. टीव्ही मात्र तोच राहिला. जिल्ह्यातल्या मालेगाव, मनमाडसारख्या शहरांना पुढची मुदत ३१ डिसेंबर २०१५ची, तर सुरगाणा-पेठकडच्या खेड्यांना ३१ मार्च २०१७ची मिळाली.

वाचता आलं नाही तर खिशाला चाट

२०१९च्या फेब्रुवारीपासून हवे ते चॅनल निवडून तेवढ्याचेच पैसे भरायची पद्धत आली. प्रत्येक चॅनलची किंमत गाइडमध्ये दाखवायची, असा ट्राय या नियामक संस्थेचा दंडक. म्हणजे किंमत पडद्यावर हजर, फक्त ती १० रुपये आहे की १९, हे ओळखायला टीव्हीला नाक लावायचं!

एकावर पाच

एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे २०,७३,६००. आपल्याकडच्या साध्या डिजिटल चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. भागाकार करून बघा, उत्तर येतं बरोबर पाच. पुढे अपूर्णांक नाही की काही नाही. एचडी बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी डबा टीव्हीला जोडला की पाच ठिपक्यांचा ऐवज एका ठिपक्यात कोंबला जातो. एचडीवर २० ठिपके उंच असलेलं अक्षर इथे जेमतेम ११ रेषांचं उरतं. त्यात रुंद चित्र चौकोनी पडद्यावर मावावं म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, तर चित्राला ५७६पैकी ४३२च रेषा मिळतात आणि अक्षर आठ रेषांवर येतं.

डोळ्यांच्या डॉक्टरचा तक्ता, रोज संध्याकाळी

२१ इंची टीव्हीवर एका रेषेची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. सोफ्यापासून टीव्ही तीन मीटरवर आहे असं धरा. एवढ्या अंतरावरून निरोगी डोळ्याला ओळखता येणारं सर्वांत लहान अक्षर सुमारे साडेचार मिलिमीटर उंच असतं, म्हणजे आठ रेषा. थोडक्यात, काळ्या पट्ट्यांमधला तो मेन्यू वाचणं म्हणजे तक्त्यावरची ६/६ची ओळ वाचणं. पंचविशीतला डोळा कसाबसा पास होईल. साठीतल्या डोळ्याला नापास करण्यात काय अर्थ आहे?

‘मूर्ती’ची कुचंबणा

आता त्या ११ रेषांमध्ये ‘मूर्ती’ हा शब्द बसवून दाखवा. शिरोरेषेला दोन रेषा. तिच्या वर वेलांटी आणि रफार, त्यांना किमान तीन. खाली दीर्घ उकाराला दोन. उरल्या चार, आणि त्यात म आणि त यांनी सुखानं नांदायचं! वन रूम किचनमध्ये तीन पिढ्या राहाव्यात तसा प्रकार. पहिला बळी जातो म च्या गाठीचा. मग भ आणि म, घ आणि ध, ब आणि व एकमेकांचे कपडे घालून फिरायला लागतात. रोमन अक्षरांना वरचा मजला नाही आणि तळघरही क्वचितच लागतं, त्यामुळे त्याच ११ रेषांत त्यांचं भागून जातं. मराठी मेन्यूची अक्षरं इंग्रजीपेक्षा मोठी हवीत, हा हट्ट नाही. साधा हिशेब आहे.

शिरोरेषा का थरथरते?

डबा टीव्ही अख्खं चित्र एका दमात काढत नाही. आधी विषम रेषा, मग सम रेषा, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रं तो रंगवतो. त्यामुळे कोणतीही एक रेषा सेकंदाला फक्त २५ वेळा उजळते आणि डोळ्याला ती लुकलुकताना दिसते. शिरोरेषा नेमकी एका रेषेएवढी जाड असेल तर संपला कारभार! इंग्रजी शब्दात एखादी आडवी दांडी थरथरते, मराठीत अख्खी ओळ डोक्यावरून थरथरते. उपाय बिनखर्चाचा आहे. शिरोरेषा दोन रेषा जाड ठेवायची, म्हणजे दोन्ही अर्ध्या चित्रांत तिचा एकेक वाटा येतो आणि ती गपगुमान उभी राहते.

जाता जाता: पडद्यावर न दिसणाऱ्याही धरून एकूण ६२५ रेषा गुणिले सेकंदाला २५ चित्रं म्हणजे १५,६२५. टीव्ही चालू असताना लहान पोरांना ऐकू येणारी आणि मोठ्यांना न येणारी ती बारीक शीळ याच आकड्याची.

कडा गिळणारा टीव्ही

जुन्या टीव्हीचं चित्र मुद्दामच काचेपेक्षा थोडं मोठं ठेवलेलं असायचं. व्होल्टेज खाली-वर झालं, पार्ट जुने झाले आणि चित्र आक्रसलं तरी कडेला काळी चौकट दिसू नये, म्हणून ही युक्ती. त्यामुळे कडेचा थोडा भाग चौकटीच्या आड कायमचा गडप. टीव्हीवाल्यांनी त्यावर नियमच केला: महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत. जुन्या बातम्यांमध्ये निवेदकाचं नाव कडेपासून इतकं आत का असायचं, ते आता कळलं ना? मेन्यूवाला हा नियम विसरला की ‘बाहेर पडा’मधलं ‘बाहेर’ खरोखरच बाहेर पडतं.

निळ्यावर पिवळं, आणि तेही शास्त्रानं

आपल्याकडे दूरदर्शनवर रंग आला १५ ऑगस्ट १९८२ला. पण घरोघरी कृष्णधवल संच होते, आणि तेच चित्र त्यांनाही दिसायला हवं होतं. त्यासाठी रंगांचं करड्यात रूपांतर करणारं एक ठरलेलं सूत्र आहे. पूर्ण उजेड १०० धरला तर हिरवा ५९, लाल ३० आणि निळा फक्त ११. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, एकूण ८९. म्हणून निळ्यावरचं पिवळं अक्षर कृष्णधवल टीव्हीवरसुद्धा ठसठशीत दिसतं: ८९ विरुद्ध ११! लाल पट्टीवर निळं अक्षर टाकणाऱ्यानं मात्र ३० विरुद्ध ११चा सामना लावलेला असतो, आणि तो निकालाविनाच संपतो.

लाल अक्षराचा रंग जातो

चित्रातला उजेड-अंधार पाठवायला टीव्ही सिग्नलमध्ये सुमारे पाच मेगाहर्ट्झ जागा, तर रंगाला फक्त सव्वाएक मेगाहर्ट्झच्या आसपास. त्यामुळे रंगाचा तपशील आडव्या दिशेनं चौपट भोंगळ. त्यात आपल्याकडच्या ‘पाल’ या रंग पद्धतीचा टीव्ही शेजारच्या दोन रेषांच्या रंगाची सरासरी काढतो, म्हणजे उभ्या दिशेनंही फरफट. पांढरं किंवा फिकट अक्षर निभावून जातं, कारण ते उजेडाच्या जिवावर जगतं. भडक लाल अक्षर सगळं रंगाच्या भरवशावर असतं, म्हणून ते कडेनं पाझरतं. ‘रिचार्ज संपला’ ही सूचना लालभडक करणाऱ्यानं ती ठळक केली असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यानं ती पुसलेली असते.

पांढरं अक्षर आवाज करतं!

अँटेनाच्या काळात पडद्यावर मोठी पांढरी पाटी आली की स्पीकरमधून ‘झर्रर्र’ यायचं, आठवतं? भास नव्हता तो. आपल्याकडच्या प्रक्षेपणात चित्र जितकं पांढरं, तितका चित्राचा सिग्नल क्षीण. आणि टीव्ही आवाज वेगळा काढताना त्याच सिग्नलचा आधार घेतो. पांढरं अति झालं की आधार डळमळतो आणि अक्षरं चक्क गुरगुरतात. म्हणून शहाणे लोक झगझगीत पांढऱ्याऐवजी जरा मळकट पांढरा वापरायचे.

बीबीसीचा नव्वदीचा नियम

बीबीसीनं टीव्हीवरच्या मजकुराचे नियमच लिहून काढले. मजकूर साधारण २४ पॉइंटच्या खाली नको आणि १८च्या खाली तर कधीच नको. गडद पार्श्वभूमीवर फिकट अक्षर, ओळींमध्ये ऐसपैस जागा, आणि अख्ख्या पडद्यावर फार तर ९० शब्द. ब्रिटनमध्येच आरएनआयबी या दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं टीव्हीसाठी खास अक्षरवळण घडवलं, टायरेसियस. हा टायरेसियस म्हणजे ग्रीक पुराणातला द्रष्टा, आणि तो आंधळा होता!

गेमवाल्यांचीही तीच बोंब

ही फक्त आजी-आजोबांची तक्रार समजू नका. २००६ साली कॅपकॉम कंपनीचा ‘डेड रायझिंग’ हा गेम आला. बनवला एचडी पडद्यावर, खेळला गेला घरोघरच्या साध्या टीव्हीवर. सूचना इतक्या बारीक की झोंबी मारणं सोपं, वाचणं अवघड. जगभरातल्या तरण्याताठ्या, धडधाकट डोळ्यांच्या पोरांनी बोंब ठोकली. दुरुस्ती मात्र आली नाही.

आपली माणसं कामाला लागली होती

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम १९८८ला स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये जोरात झालं. तिथल्या ‘जिस्ट’ गटानं ‘लिप्स’ नावाचं तंत्र तयार केलं, एकाच कार्यक्रमाला अनेक भारतीय भाषांतली शीर्षकं टीव्हीवर दाखवण्यासाठी. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉण्ट विंडोज २०००सोबत देशभर पोचला. तिकडे अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी १९९६पासून एकच ध्यास घेऊन बसले होते: हिंदी गाण्याखाली हिंदीतच ओळी दाखवा, लोक गाता गाता वाचायला शिकतील. पुढे ‘चित्रहार’मध्ये गाण्याच्या ठेक्यावर रंग बदलणारे शब्द आले, ते त्यातूनच. तेव्हाच्या डबा टीव्हीवर ते वाचता येत होते बरं का. देवनागरी जुन्या पडद्यावर नीट बसते, फक्त बसवणारा हवा.

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) गोष्ट सांगायला हिंदी आणि इंग्रजी पाट्या होत्या. मूकपटातली पाटी म्हणजे थोडे शब्द, मोठं अक्षर आणि आजूबाजूला भरपूर मोकळी जागा. फाळके सिनेमाआधी छपाईच्या धंद्यातले, त्यामुळे अक्षराची किंमत त्यांना ठाऊक होती. दुसरं टोक नाशिकरोडला. तिथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापल्या जातात. पाचशेच्या नोटेवर ‘भारत’ हा शब्द इतक्या सूक्ष्म अक्षरात आहे की भिंग लागतं. पण ती अक्षरं सहज वाचता येऊ नयेत, नकली नोटवाल्याला जमू नयेत, म्हणूनच बारीक ठेवलेली असतात. मेन्यूचं असं काही गुपित नाही!

आणि शेवटचा गुगली

घरी डबा टीव्ही असेल तर चष्मेवाल्याकडे जाण्याआधी तीन गोष्टी करून बघा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार ४:३ ठेवा. टीव्हीचा शार्पनेस कमी करा. तो वाढवला की अक्षराभोवती पांढरी झालर येते आणि अक्षर आणखी बिघडतं. कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा, म्हणजे पांढरं फुगणार नाही. फरक लगेच दिसेल.

अडचण एकच आहे. अक्षरं वाचता येण्याजोगी करायचं सेटिंग असतं त्याच न वाचता येणाऱ्या मेन्यूच्या पोटात! तेव्हा केबलवाला पुढच्या वेळी आला की त्याच्याकडूनच ‘दोनदा खाली, ओके, तीनदा खाली, ओके’ असं काय ते विचारून कागदावर लिहून घ्या. आणि हो, मोठ्या अक्षरात लिहा.