बिअरची रिकामी टाकी जीवघेणी का ठरते?

बिअरसाठी बार्लीचे माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवतात. त्यातल्या स्टार्चची साखर होते. हा रस गाळून, हॉप्स घालून तासभर उकळतात आणि थंड करून आंबवण्याच्या टाकीत सोडतात.

धोका कुठे?
टाकीत यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. हा रंगहीन वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. बिअर काढून घेतल्यावरही तो तळाशी साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण १० टक्क्यांवर गेल्यास सफाईला उतरलेला कामगार मिनिटभरात बेशुद्ध पडू शकतो. त्याला वाचवायला धावलेलाही.

काय करावे?
आधी टाकीत ताजी हवा सोडावी, वायूमापकाने तपासावे, बाहेर माणूस उभा ठेवावा. फिरत्या फवाऱ्याने बाहेरूनच धुणे शक्य असेल, तर आत उतरूच नये.