बेनी श्रीव्हर : क्षेपणास्त्रांकडून अंतराळाकडे

फेब्रुवारी १९५७ मध्ये सॅन डिएगो इथे अंतराळविज्ञानाच्या परिषदेत अमेरिकी हवाई दलाचे मेजर जनरल बर्नार्ड ‘बेनी’ श्रीव्हर बोलायला उभे राहिले. काही दशकांनी महत्त्वाच्या लढाया समुद्रात किंवा हवेत होण्याऐवजी अंतराळात होऊ शकतात, त्यामुळे अंतराळातलं वर्चस्व हा देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरेल, असं त्यांनी सांगितलं. लगोलग पेंटॅगॉनमधून ताकीद आली : यापुढे भाषणांत ‘अंतराळ’ हा शब्द नको. ४ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि ती ताकीद आपोआप निकालात निघाली. ज्यांनी गप्प बसायला सांगितलं होतं, तेच आता काम आणखी वेगाने का होत नाही, असं विचारू लागले.

श्रीव्हर मूळचे जर्मनीतले. जन्म १९१० चा, ब्रेमेनचा. वडील जहाजावर अभियंता होते. पहिल्या महायुद्धात त्यांचं जहाज न्यूयॉर्कमध्ये अडकलं आणि १९१७ मध्ये आई दोन लहान मुलांना घेऊन अमेरिकेत आली. पुढच्याच वर्षी वडील कारखान्यातल्या अपघातात गेले. आईने टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत गोल्फ मैदानाजवळ सँडविचची टपरी चालवून मुलांना वाढवलं. बेनी गोल्फ उत्तम खेळायचे. पण टेक्सास ए अँड एम मधून १९३१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी विमानं उडवण्याचा मार्ग निवडला.

१९३४ मध्ये अमेरिकी सरकारने टपाल वाहून नेण्याचं काम अचानक लष्करी वैमानिकांवर सोपवलं. उघड्या कॉकपिटची विमानं, तोकडी उपकरणं आणि ऐन हिवाळा. अनेक तरुण वैमानिक मृत्युमुखी पडले. धाडस कितीही असलं, तरी तंत्र कच्चं असेल तर माणसं मरतात, हे श्रीव्हर यांनी स्वतः त्या फेऱ्या करताना पाहिलं. पुढे राइट फील्डवर चाचणी वैमानिक म्हणून काम करून त्यांनी १९४२ मध्ये स्टॅनफर्डची पदव्युत्तर पदवी घेतली आणि मग ते पॅसिफिकमधल्या युद्धावर गेले. युद्ध संपल्यावर हवाई दलाचे प्रमुख हॅप अर्नोल्ड यांनी त्यांना शास्त्रज्ञ आणि हवाई दल यांच्यातला दुवा म्हणून नेमलं. या नेमणुकीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

मार्च १९५३ मध्ये हवाई दलाच्या मॅक्सवेल तळावरच्या बैठकीत गणितज्ञ जॉन फॉन न्यूमन आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी सांगितलं, की हायड्रोजन बॉम्ब लवकरच एक टनाहून कमी वजनात बसवता येईल. श्रीव्हर यांना त्याचा अर्थ तत्काळ कळला. बॉम्ब हलका झाला, तर तो वाहून नेणारं आंतरखंडीय क्षेपणास्त्रही आटोक्यातलं होणार होतं. ते प्रिन्स्टनला जाऊन फॉन न्यूमन यांना भेटले, आकडे समजून घेतले आणि परतल्यावर हवाई दलाचे अधिकारी ट्रेव्हर गार्डनर यांच्यासोबत पाठपुरावा सुरू केला. कर्टिस लमे यांच्यासारख्या, बॉम्बर विमानांवर भिस्त असणाऱ्या सेनानींना क्षेपणास्त्रांवरचा हा खर्च पटत नव्हता.

ऑगस्ट १९५४ मध्ये लॉस एंजलिसजवळच्या इंगलवुडमध्ये, एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत, श्रीव्हर यांच्या नेतृत्वाखाली हे क्षेपणास्त्र घडवणारी ‘वेस्टर्न डेव्हलपमेंट डिव्हिजन’ सुरू झाली. अधिकारी साध्या कपड्यांत कामावर यायचे. आत काय चाललंय हे बाहेर कळू द्यायचं नव्हतं.

श्रीव्हर यांचं मोठेपण एखाद्या इंजिनात शोधू गेलं, तर फारसं हाती लागत नाही. ते त्यांनी बसवलेल्या कामाच्या घडीत आहे. सगळं काम एकाच विमान कंपनीच्या हवाली न करता त्यांनी सायमन रेमो आणि डीन वूल्ड्रिज यांच्या नव्या कंपनीवर संपूर्ण यंत्रणेचा मेळ घालण्याची जबाबदारी टाकली. क्षेपणास्त्राचा आराखडा, कारखाने, प्रक्षेपणतळ आणि दलाचं प्रशिक्षण ही कामं एकामागून एक करण्याऐवजी एकाच वेळी सुरू केली. अ‍ॅटलास हे क्षेपणास्त्र फसलं तर हाताशी असावं म्हणून टायटनही समांतर उभं केलं. मंजुरीचे ४२ टप्पे कापून १० वर आणवले. महिन्यातून एकदा ‘ब्लॅक सॅटर्डे’ची बैठक भरायची, तिथे अडचण लपवणाऱ्याची खैर नसे.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागली. आराखडे बदलत राहिले, तसे बांधलेले तळ पुन्हा दुरुस्त करावे लागले, आणि पहिली द्रव-इंधनाची अ‍ॅटलास व टायटन-१ क्षेपणास्त्रं १९६५ पर्यंत निवृत्तही झाली.

अपयशं तर उघड्या आकाशाखाली घडत होती. जानेवारी १९५७ मध्ये पहिलं थॉर क्षेपणास्त्र प्रक्षेपणमंचावरच फुटलं. दुसरं नीट उडत होतं. पण नियंत्रण कक्षातल्या चुकीच्या जोडणीमुळे ते जमिनीकडे वळल्याचं दिसलं आणि अधिकाऱ्याने ते हवेतच नष्ट केलं. त्याच वर्षी अ‍ॅटलासच्या पहिल्या दोन चाचण्याही फसल्या. पथकाने प्रत्येक अवशेषाचा छडा लावला. सप्टेंबरमध्ये थॉर यशस्वी झालं, १७ डिसेंबरला अ‍ॅटलास.

याच थॉरच्या खांद्यावरून पुढे कोरोना हा हेरगिरी उपग्रह गेला. सीआयए आणि हवाई दलाचा हा संयुक्त कार्यक्रम ‘डिस्कव्हरर’ या वैज्ञानिक मुखवट्याआड चालला होता. एकापाठोपाठ एक डझनभर मोहिमा फसल्या. १९ ऑगस्ट १९६० ला डिस्कव्हरर-१४ ची फिल्म असलेली कुपी पॅराशूटने उतरताना सी-११९ विमानाने हवाई बेटांजवळ आकाशातच पकडली. यू-२ या हेरगिरी विमानांच्या सगळ्या फेऱ्यांनी मिळून सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग टिपला होता, त्याहून जास्त या एका मोहिमेत टिपला गेला. सोव्हिएत संघाकडे क्षेपणास्त्रांचा प्रचंड साठा असल्याची भीती खोटी आहे, हे अशा छायाचित्रांमुळे सिद्ध झालं. थॉर ब्रिटनमध्ये अण्वस्त्रं घेऊन सज्ज होतं आणि त्याच थॉरवर चढलेल्या कॅमेऱ्याने अण्वस्त्रांच्या शर्यतीमागची भीती किती फुगवलेली आहे ते दाखवलं. श्रीव्हर यांच्या कारकिर्दीतला सर्वांत विचार करायला लावणारा योग मला हाच वाटतो.

१९६१ मध्ये ते चार तारे असलेले जनरल झाले आणि हवाई दलाच्या संपूर्ण संशोधन व खरेदी व्यवस्थेचे प्रमुख झाले. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन अ‍ॅटलासवर बसूनच पृथ्वीभोवती फिरले. थॉरचा वंशज डेल्टा. त्यानेच १९८२ मध्ये भारताचा इन्सॅट-१ए कक्षेत नेला. अंतराळात सैनिकी प्रयोगशाळा उभारण्याचं श्रीव्हर यांचं स्वप्न मात्र अपुरं राहिलं. १९६६ मध्ये ते निवृत्त झाले, आणि १९६९ मध्ये तो प्रकल्पच रद्द झाला.

कोलोरॅडोतल्या फाल्कन तळाला १९९८ मध्ये, त्यांच्या हयातीतच, त्यांचं नाव देण्यात आलं. जीपीएस उपग्रहांचं नियंत्रण तिथूनच होतं. २००५ मध्ये, ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. सॅन डिएगोतल्या त्या भाषणानंतर सहा दशकांनी, डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने स्वतंत्र अंतराळ दल स्थापन केलं.

त्यांच्या वारशाची दुसरी बाजू मोंटाना, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंगच्या जमिनीखाली आहे. घन इंधनाच्या मिनिटमन क्षेपणास्त्राला १९५८ मध्ये मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात पहिली क्षेपणास्त्रं मोंटानात सज्ज झाली. पाच वर्षांच्या आत. त्याच कुळातली सुमारे ४०० क्षेपणास्त्रं आजही तिथे तैनात आहेत. त्यांची जागा घेणाऱ्या सेंटिनेल प्रकल्पाचा खर्च आणि विलंब वाढत चालला आहे, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये इंगलवुडच्या त्या शाळेतल्या कामाच्या पद्धतीची चर्चा पुन्हा होते. त्या चर्चेत वेगाइतकाच एक प्रश्न विचारला जायला हवा : श्रीव्हर यांच्या कॅमेऱ्याने १९६० मध्ये जे दाखवलं, तसं आधी नीट पाहून मग किती क्षेपणास्त्रं हवीत हे कोण ठरवणार?