ठाऊक असलेली गोष्ट सांगावी कोणाला?

गुप्तहेर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहिर्जी नाईक उभे राहतात. बातमी काढणे हेच काय ते अवघड, असे मलाही राज्यशास्त्राच्या वर्गात बसेपर्यंत वाटे. बातमी योग्य हाती पोचवणे हे त्याहून बिकट!

कारगिल युद्धानंतर, २००१ साली, इंटेलिजन्स ब्युरोत ‘मल्टी एजन्सी सेंटर’ निघाले. सेनादले, रॉ, राज्यांचे पोलीस यांनी आपापली माहिती तेथे आणावी, अशी कल्पना. पण देवाणघेवाणीचे बंधन सैल होते. जो तो आपली फाईल पोटाशी धरून बसे. शिवाय पोलीस हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिलेला. दिल्लीचा इशारा आला, तरी बंदोबस्त राज्यानेच करायचा.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसे गेली. समुद्रमार्गे हल्ल्याचे इशारे आधी आलेले होते, हे पुढे राम प्रधान समितीच्या चौकशीत दिसले. ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने मग बंधन आले: केंद्राने इतरांना सांगायचे, इतरांनी केंद्राला. काम रात्रंदिवस, बैठक रोज, राज्याराज्यांत उपकेंद्रे.

तरी एक मेख उरतेच. खबऱ्या उघडा पडू नये म्हणून बातमीचा उगम झाकून मजकूर पुढे धाडतात. ते योग्यच. पण खाली वाचणाऱ्याने ती कितपत पक्की मानावी? माझे मामा पोलीस खात्यात होते. ते म्हणत, “‘सावध राहा’ एवढाच कागद येतो, अरे, पण कोणापासून?”